पर्यटनाची पदवी आणि हॉटेलातली नोकरी : वाचकांचे प्रश्न

पर्यटन विषयात पदवी घेऊन हॉटेलात नोकरी करू पाहणाऱ्यांची आणि त्यांच्या शिक्षक-पालकांची पत्रे या सदराकडे बरीच साठली होती. त्यांतली काही थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. उत्तरे देणाऱ्याची सुरुवात स्वागतकक्षातल्या रात्रपाळीने झाली, पुढे नोकरभरतीच्या मुलाखती घेण्याचे काम वाट्याला आले आणि आता शिकवणे चालू आहे; तेव्हा उत्तरांत या तिन्ही जागांचे पूर्वग्रह डोकावले तर वाचकांनी समजून घ्यावे.

प्रश्न : मी पर्यटन विषयाची पदवी चांगल्या गुणांनी मिळवली. हॉटेलांच्या मुलाखतींत मात्र पहिलाच प्रश्न येतो, ‘तुम्ही हॉटेल मॅनेजमेंट का केले नाही?’ आमच्या पदवीला या क्षेत्रात खरोखर जागा आहे का, की आम्ही चुकीच्या दारात उभे आहोत? – एक पदवीधर

जागा आहे, पण ती सगळ्या विभागांत सारखी नाही. स्वयंपाकघराचा हट्ट धरू नका. तिथले कौशल्य हातात मुरावे लागते आणि त्यासाठी वेगळी उमेदवारी करावी लागते. स्वागतकक्ष, आरक्षण, विक्री, समारंभ व परिषदांची व्यवस्था, पाहुण्यांना बाहेरची माहिती आणि सोयी मिळवून देणारा कॉन्सिअर्ज विभाग, खोल्यांचे दर ठरवणारा महसूल विभाग, ही तुमची दारे.

मुलाखतीतला प्रश्न खोचक वाटला तरी त्यामागे द्वेष नसतो. हॉटेलचे शिक्षण आणि पर्यटनाचे शिक्षण ही दोन वेगळ्या घराण्यांतली भावंडे आहेत. स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथे १८९३ साली हॉटेल व्यवसायाचे विद्यालय सुरू झाले, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात १९२२ साली हॉटेल प्रशासनाचा अभ्यासक्रम आला. या परंपरेचा जन्मच हॉटेलमालकांच्या गरजेतून झाला. पर्यटनाचा अभ्यास विद्यापीठांत बहुतांशी त्यानंतर, भूगोल, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र यांच्या अंगणात वाढला. परिणामी हॉटेल-पदवीधराला चादरीची घडी ठाऊक असते आणि तुम्हाला प्रवाशाचे मन. मुलाखत घेणारा बहुधा पहिल्या घराण्यातला असतो, एवढेच.

तुमचे बलस्थान इथेच आहे. हॉटेलला पाहुणा चेक-इनपासून चेक-आउटपर्यंतच दिसतो. तो कशासाठी आला, येण्यापूर्वी त्याने कोणते पर्याय बाजूला सारले, उद्या इथून कुठे जाणार आहे, हे हॉटेलच्या नोंदवहीत क्वचितच असते. तुम्ही मात्र तीन वर्षे तेच शिकलात. एखाद्या सहल कंपनीचा चाळीस जणांचा गट येणार असेल, तर त्यांना बस उभी करायला जागा लागते, चालकाला झोपायला खोली लागते, सामान खोल्यांबाहेर कधी ठेवायचे ते आदल्या संध्याकाळी ठरावे लागते, न्याहारी नेहमीच्या वेळेआधी लावावी लागते आणि न भरलेल्या खोल्या कोणत्या तारखेपर्यंत परत करता येतील हे करारात असावे लागते. हॉटेल-पदवीधर यातले बरेचसे पहिल्या दोन-तीन गोंधळांनंतर शिकतो. तुम्ही पहिल्या दिवशी हे प्रश्न विचारू शकता. ‘का केले नाही?’ या प्रश्नाला उत्तर देताना माफीचा सूर लावू नका. गटविक्रीचे असे एखादे उदाहरण सांगा.

उणीव आहे ती हॉटेलच्या गणिताची, आणि ती भरून काढणे तुमच्या हातात आहे. शंभर खोल्यांचे हॉटेल धरा. एका रात्री साठ खोल्या प्रत्येकी १०० या दराने गेल्या, दुसऱ्या रात्री ऐंशी खोल्या ७० या दराने गेल्या. चलन कोणतेही असो. दुसऱ्या रात्री हॉटेल जास्त भरलेले दिसते, पण उत्पन्न पहिल्या रात्री ६,००० आणि दुसऱ्या रात्री ५,६०० आहे. उपलब्ध खोलीमागे पाहिले तर ६० विरुद्ध ५६. शिवाय दुसऱ्या रात्री वीस खोल्या जास्त स्वच्छ कराव्या लागल्या, तेवढे कपडे जास्त धुवावे लागले, ते वेगळेच. उपलब्ध खोलीमागील या उत्पन्नाला व्यवसायात ‘रेव्हपार’ म्हणतात आणि सकाळच्या बैठकीत हाच आकडा आधी विचारला जातो. आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या दोनदा विकता येत नाही, ही साधी गोष्ट डोक्यात पक्की बसली की दर रोज का बदलतात, आगाऊ आरक्षणाला सवलत का देतात, असलेल्या खोल्यांपेक्षा जास्त आरक्षणे का घेतात, हे सगळे आपोआप उलगडते.

प्रश्न : मुलाखतीत ‘मला माणसांशी बोलायला आवडते’ असे मी प्रामाणिकपणे सांगितले, तर समोरचे अधिकारी हसले. त्यांना नेमके काय ऐकायचे असते? – एक उमेदवार

ते तुमच्यावर हसले नसावेत. त्या दिवशी ते वाक्य त्यांनी आठव्यांदा ऐकले असावे.

त्यांना गुण ऐकायचा नसतो, वागणूक पाहायची असते. म्हणूनच प्रसंग देऊन प्रश्न विचारतात. त्यांतला नेहमीचा एक सांगतो. रात्रीचे अकरा वाजले आहेत, पाहुण्याच्या हातात आरक्षणाची खातरजमा झाल्याचा कागद आहे आणि हॉटेलात एकही खोली शिल्लक नाही. तुम्ही काय कराल? काही उमेदवार आरक्षण करणाऱ्या संकेतस्थळाला दोष देतात; काही जण उदार होऊन सर्वांत महागडी खोली देऊन टाकतात, जी मुळात रिकामीच नसते. समजुतीचे उत्तर असे चालते : जास्तीची आरक्षणे हॉटेलने जाणूनबुजून घेतलेली असतात, कारण काही जण न कळवता येत नाहीत, तेव्हा चूक आपली आहे हे आधी मान्य करायचे. पाहुण्याला काउंटरवर उभे न ठेवता बसवायचे, ड्यूटी मॅनेजरला बोलवायचे, तितक्याच किंवा वरच्या दर्जाच्या दुसऱ्या हॉटेलात खोली मिळवायची, तिथवर जाण्याचा आणि सहसा त्या रात्रीचा खर्च आपण उचलायचा, त्याच्यासाठी येणारे फोन आणि निरोप तिकडे पोहोचतील अशी तजवीज करायची आणि दुसऱ्या दिवशी त्याला परत आणायचे असेल तर त्याची खोली सकाळीच राखून ठेवायची. शहाणा कर्मचारी तर ही वेळ अकरापर्यंत येऊच देत नाही. संध्याकाळी पाचलाच आकडे पाहून शेजारच्या हॉटेलांत फोन लावतो. उमेदवाराने एवढे शेवटचे वाक्य जरी स्वतःहून म्हटले, तरी मुलाखत घेणारा खुर्चीत सरसावून बसतो.

आपल्या अधिकाराची मर्यादा काय, हा प्रश्नही उमेदवाराने उलट विचारावा. रिट्झ-कार्लटन या कंपनीने पाहुण्याची अडचण सोडवण्यासाठी कोणत्याही कर्मचाऱ्याला वरिष्ठांना न विचारता दोन हजार डॉलरपर्यंत खर्च करण्याची मुभा दिल्याचे उदाहरण वर्गावर्गांतून सांगितले जाते. ते खरे आहे, पण ते एका कंपनीचे धोरण आहे. बहुतेक ठिकाणी नवख्याला बिलातून एक चहा वगळायलासुद्धा सही घ्यावी लागते. ‘इथे मला कुठवर निर्णय घेता येईल?’ असे विचारणारा उमेदवार कामाचा विचार करून आला आहे, हे लगेच कळते.

प्रश्न : मी पर्यटन विभागात अध्यापन करते. आमचे विद्यार्थी काही महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी हॉटेलांत जातात आणि ‘सामान उचलले, झेरॉक्स काढल्या’ एवढेच सांगत परत येतात. प्रशिक्षण उपयोगी व्हावे म्हणून महाविद्यालयाने काय करावे? – एक प्राध्यापिका

तुमचा प्रश्न या सगळ्याच्या मुळाशी जातो, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली चूक बहुधा वेळापत्रकात असते. विद्यार्थी ऐन हंगामात पाठवले तर हॉटेलला ते स्वस्तातले हात वाटतात आणि शिकवायला कोणालाच उसंत नसते. मंदीच्या काळात पाठवले तर पाहण्यासारखे काही घडत नाही. हंगाम सुरू होण्याच्या तीन-चार आठवडे आधी पाठवावे, म्हणजे शांततेत हात बसतो आणि गर्दीत तो उपयोगी पडतो. दुसरी चूक म्हणजे प्रत्येक विभागात आठ-आठ दिवस फिरवून आणणे. संग्रहालय पाहिल्यासारखे सगळे पाहून होते आणि हाती काहीच लागत नाही. दोनच विभाग निवडा, पण ते पुरते शिकू द्या. करारपत्रात हॉटेलच्या बाजूने एका व्यक्तीचे नाव असू द्या, केवळ ‘मनुष्यबळ विभाग’ असे नको. जबाबदारी सर्वांची म्हटली की ती कोणाचीच राहत नाही, हे आपण महाविद्यालयांतही पाहतोच.

विद्यार्थ्याला जाताना प्रकल्पाचा जाडजूड विषय देण्यापेक्षा एक छोटे काम द्या : एका खोलीचा एका दिवसाचा प्रवास लिहून काढणे. पाहुणा खोली सोडतो, तेव्हा ती ‘रिकामी पण अस्वच्छ’ या अवस्थेत जाते. मग सफाई होते, पर्यवेक्षक तपासतो, ती ‘रिकामी आणि तयार’ होते, नवा पाहुणा येतो. या प्रत्येक बदलाची नोंद कोणी केली, किती वाजता केली, मध्ये एखादा दिवा बंद सापडला तर देखभाल विभागाला कोणी कळवले आणि तेवढा वेळ स्वागतकक्षात वाट पाहणाऱ्या पाहुण्याला काय सांगितले गेले, एवढे त्याने टिपून आणावे. हॉटेल म्हणजे विभागांची बेरीज नसून विभागांमधले निरोप आहेत, हे त्या दोन पानांतून जितके कळते तितके व्याख्यानातून कळत नाही.

शक्य असेल तर प्रत्येकाला एक आठवडा रात्रपाळीच्या हिशेबाला, म्हणजे नाइट ऑडिटला बसवा. दिवसभरात रेस्टॉरंट, लाँड्री आणि इतर विभागांनी टाकलेल्या रकमा पाहुण्यांच्या खात्यांवर बरोबर चढल्या आहेत का, हे तिथे पडताळतात, खोलीचे भाडे आणि कर लावतात, रोकड व कार्डांचा ताळा जुळवतात, मग संगणकावरची तारीख पुढे सरकवतात आणि सकाळसाठी अहवाल काढतात. सगळ्या विभागांच्या चुका रात्री दोन वाजता एकाच टेबलावर येतात. मी स्वतः हा व्यवसाय त्या टेबलावर शिकलो, म्हणून कदाचित जरा जास्त पक्षपाताने लिहीत असेन.

आणि वर्गात एक गोष्ट जरूर शिकवा, जी मला आजवर एकाही पर्यटन अभ्यासक्रमात आढळली नाही : पाळी सोपवतानाची नोंद लिहिणे. नवे कर्मचारी लिहितात, ‘३१२ च्या पाहुण्यांची तक्रार आहे, बघून घ्यावे.’ पुढच्या पाळीतला माणूस काय बघणार? नोंद अशी हवी : ‘३१२. रात्री ९.४० वाजता एसीतून पाणी गळत असल्याची तक्रार. ९.४५ ला देखभाल विभागास कळवले, १०.१० ला तात्पुरती दुरुस्ती झाली. खोली बदलून देऊ केली, पाहुण्यांनी नको म्हटले. सकाळी आठपूर्वी फोन करू नये अशी त्यांची विनंती. ते दहाच्या सुमारास बाहेर पडणार आहेत. कायमची दुरुस्ती तेव्हा करावी आणि संध्याकाळी परतल्यावर चौकशी करावी.’ पदवीपर्यंतच्या सगळ्या उत्तरपत्रिकांत विद्यार्थी भरपूर लिहायला शिकलेला असतो; नेमके आणि पुरेसे लिहायला त्याला कोणी शिकवलेले नसते. दर आठवड्याला एक काल्पनिक तक्रार सांगा, पाच वाक्यांची नोंद लिहून घ्या आणि ती वर्गातल्या दुसऱ्या विद्यार्थ्याला वाचायला देऊन ‘आता तू काय करशील?’ असे विचारा. त्याला उत्तर देता आले तर गुण लिहिणाऱ्याला द्यावेत.

जाता जाता : शिक्षकांनीही सुटीत आठ-दहा दिवस हॉटेलात बसावे. सुचवायला संकोच वाटतो, पण आमच्यापैकी अनेकांची शेवटची पाळी संपून फार वर्षे झाली आहेत.

प्रश्न : मुलगी पदवीधर आहे. प्रशिक्षणाच्या नावाखाली तिला दोन महिने पलंग आवरायला आणि न्हाणीघरे धुवायला लावले आहे. यासाठी का शिकवले? – एक वडील

आपली तगमग समजते, तरीही काही आठवडे हे काम तिने करावे असेच सांगेन. सफाई कर्मचारी एका पाळीत साधारणपणे बारा ते सोळा खोल्या करतो आणि पाहुणा सोडून गेलेल्या खोलीला सहज अर्धा तास लागतो. ज्याने हे काम कधी केले नाही, तो स्वागतकक्षात उभा राहून ‘दहा मिनिटांत खोली देतो’ असे बेधडक सांगतो आणि मग पाहुणा, सफाई विभाग आणि तो स्वतः असे तिघेही तासभर कातावतात. पुढे ती अधिकारी झाली तर कोणता शब्द द्यायचा आणि कोणता नाही, हे तिला या दोन महिन्यांमुळे कळेल.

मात्र तिला कोणी काही समजावून सांगत नसेल, तपासणी कशी करतात, कपड्यांचा साठा कसा मोजतात, कामाची वाटणी कशी ठरते हे दाखवत नसेल आणि ठरलेली मुदत संपूनही तिला तिथेच ठेवले असेल, तर ते प्रशिक्षण नव्हे. अशा वेळी तिने एकटीने भांडू नये; महाविद्यालयाने करारपत्र पुढे ठेवून विचारावे.

प्रश्न : हॉटेलात वापरल्या जाणाऱ्या संगणक-प्रणालीचे अभ्यासक्रम पैसे भरून करावेत का? – एक विद्यार्थी

घाई नको. आरक्षणे, खोल्या आणि बिले सांभाळणारी प्रणाली प्रत्येक ठिकाणी वेगळी असू शकते आणि कामापुरती ती दोन आठवड्यांत येते. त्याऐवजी एक्सेल चांगले शिका. महसूल विभागाकडे वळायचे असेल तर त्याला पर्याय नाही. पैसे खर्च करायचेच असतील तर एखाद्या परकीय भाषेवर करा आणि ती फोनवर बोलता येईपर्यंत शिका. समोरासमोर हातवारे मदतीला येतात, फोनवर येत नाहीत.

प्रश्न : स्वागतकक्षात रुजू होऊन आठ महिने झाले. पाळ्या सतत बदलतात, दिवसभर हसतमुख राहावे लागते, घरी आल्यावर कोणाशी बोलावेसे वाटत नाही. नोकरी सोडावी का? – एक कर्मचारी

या थकव्याला नाव आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ साली विमानातल्या सेविकांच्या कामाचा अभ्यास मांडताना ‘भावनिक श्रम’ ही कल्पना पुढे आणली : पगाराच्या मोबदल्यात स्वतःच्या भावना आवरणे आणि दुसऱ्याला हव्या तशा दाखवणे. ओझी उचलून पाठ दुखते तसे या श्रमानेही काहीतरी दुखते. ते दिसत नाही, एवढाच फरक. तुम्ही या कामाला नालायक आहात असा त्याचा अर्थ नाही.

आधी कशाने थकता ते वेगळे करून पाहा. पाळ्यांच्या अदलाबदलीने थकत असाल तर रात्रपाळीनंतर लगेच सकाळची पाळी लागू नये, एवढी मागणी लेखी करा. ती रास्त आहे. सतत माणसांसमोर राहण्याने थकत असाल तर आरक्षण किंवा महसूल विभागात बदली मागा. पर्यटनाच्या पदवीधराला तिथे चांगला वाव असतो आणि ही पीछेहाट मुळीच नव्हे. पण एखादा पाहुणा अपमान करतो, अंगचटीला येतो आणि वरिष्ठ ‘ग्राहक आहे, सांभाळून घे’ म्हणतात, असे असेल तर ते कामाचा भाग म्हणून सोसू नका. कामाच्या जागी होणारी हिंसा आणि छळ यांविषयी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ साली केलेल्या १९० क्रमांकाच्या करारात ग्राहकांसारख्या त्रयस्थांकडून होणाऱ्या त्रासाचाही विचार आहे. तारीख, वेळ आणि घटना लिहून ठेवा व तक्रार लेखी द्या. वरिष्ठ तरीही ढिम्म राहिले, तर आठ महिन्यांत नोकरी सोडल्याचा डाग लागेल ही भीती बाजूला ठेवून खुशाल दुसरीकडे पाहा.

प्रश्न : परदेशातल्या हॉटेलात जागा मिळवून देतो म्हणून एक मध्यस्थ मुलाखतीआधीच पैसे मागतो आहे. द्यावेत का? – एक पदवीधर

देऊ नयेत. हॉटेले व रेस्टॉरंटांतील कामाच्या परिस्थितीविषयी १९९१ साली झालेल्या, १७२ क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय करारात नोकरीची खरेदी-विक्री करण्याला स्पष्ट मनाई केली आहे. आणि टिप कितीही मिळो, कर्मचाऱ्याला ठरावीक मुदतीने मूळ पगार मिळालाच पाहिजे, असेही त्यात म्हटले आहे. हा करार तो मंजूर करणाऱ्या देशांनाच बांधतो, पण ही फसवणूक जुनी आणि सर्वत्र आहे एवढे त्यावरून कळावे. त्या हॉटेलचा दूरध्वनी क्रमांक मध्यस्थाकडून न घेता स्वतः शोधा, मनुष्यबळ विभागाला जोडून मागा आणि अशी जागा आहे का ते विचारा.

प्रश्न : दोन ठिकाणांहून बोलावणे आले आहे. एक मोठ्या साखळीतले हॉटेल, तिथे फक्त स्वागतकक्ष. दुसरे तीस खोल्यांचे, तिथे आरक्षण, स्वागत, विक्री सगळेच करावे लागेल. पगार जवळपास सारखा आहे. काय निवडावे? – एक पदवीधर

मोठ्या हॉटेलात पद्धत शिकायला मिळते आणि पुढे कुठेही सांगता येईल असे नाव पाठीशी राहते. लहान हॉटेलात वर्षभरात सगळा व्यवसाय डोळ्यांखालून जातो, पण चुकीची रीत अंगवळणी पडली तर ती दाखवून देणारा कोणी नसतो. पर्यटनाच्या पदवीधराला पद्धतीचीच उणीव असते, म्हणून माझा कल पहिल्या पर्यायाकडे आहे. तो बदलू शकेल अशी एक गोष्ट आहे. दोन्ही ठिकाणी फोन करून विचारा : पहिल्या महिन्यात माझ्या पाळीला माझ्याबरोबर कोण असेल आणि तो इथे किती वर्षे आहे? लहान हॉटेलाने एखाद्या दहा वर्षे मुरलेल्या माणसाचे नाव सांगितले आणि मोठ्याने ‘तेव्हाचे तेव्हा पाहू’ म्हटले, तर लहान हॉटेलात रुजू व्हा.